शकुंतला का थांबली? मूर्तिजापूरच्या अडीच फुटी रुळांची गोष्ट

दारव्ह्याच्या एका तरुण शिक्षकांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी आपली छोटी गाडी, आजही इंग्रज कंपनीच्या मालकीची आहे आणि म्हणूनच ती बंद पडली, हे खरं का? ती अचलपूरच्या कापड गिरणीसाठी बांधली होती का? आणि तिकडे बार्शीची छोटी गाडी ब्रॉडगेज झाली, मग आपलीच का राहिली?

रूळ, स्लीपर, खडी आणि पूल सांभाळणाऱ्या खात्यात माझी सगळी नोकरी झाली. रेल्वेत त्याला पी-वे म्हणतात. त्यातली बरीच वर्षं मूर्तिजापूरहून निघणाऱ्या या दोन फाट्यांवर गेली. एक फाटा उत्तरेला लाखपुरी, बनोसा, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला जातो, साधारण ७६ किलोमीटर. दुसरा दक्षिणेला कारंजा, दारव्हा मोतीबाग, लाडखेड, लिंगा, लासिना करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. हा सगळा मार्ग मी ट्रॉलीवरून आणि पायी इतक्या वेळा पाहिला आहे की प्रश्न वाचताना एकेक मोरी डोळ्यांसमोर आली. म्हणून उत्तर जरा लांबेल.

गिरणीपासून सुरुवात करतो, कारण तिथे गैरसमज सरळ आहे. अचलपूरची विदर्भ मिल रेल्वेनंतर आली. ही गाडी गिरणीसाठी नव्हे, कापसासाठी आली, आणि तोही इथे कापड विणायला नाही तर बाहेर पाठवायला.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिथला कापूस मँचेस्टरला जाईना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकदम भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेचा मोठा मार्ग भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. मग जलंबहून खामगावला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला छोटे फाटे निघाले. खामगावचा फाटा १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं येऊन सुरू केला, यावरून त्या वेळी कापसाचं वजन किती होतं ते कळतं. हे दोन्ही फाटे जेमतेम १०-१३ किलोमीटरचे आणि दोन्ही गावं कापसाची मोठी बाजारपेठ, त्यामुळे ते थेट ब्रॉडगेजच झाले.

यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव मात्र मोठ्या मार्गापासून लांब पडले. तिथला माल बैलगाडीनं येई. यवतमाळचा धामणगावला, बाकीचा मूर्तिजापूरला. यवतमाळची माणसं मुंबईची गाडी धरायला आजही धामणगावलाच जातात. सव्वाशे वर्षांपूर्वीची बैलगाड्यांची वाट अजून मोडलेली नाही. सुटा कापूस म्हणजे वजनाला कमी आणि जागा खाणारा. रेल्वे आली की स्टेशनला लागून जिनिंग-प्रेसिंग येतं, सरकी वेगळी होते, रुई दाबून लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली ३९२ पौंडांची गाठ तयार होते, आणि ती वॅगनमध्ये नीट रचता येते. परतीच्या वॅगनमध्ये प्रेसच्या बॉयलरला लागणारा कोळसा, मीठ, घासलेट, धान्य येई. कारंजा आणि दारव्ह्याला स्टेशनच्या अंगाला जुन्या जिनांच्या भिंती दिसतात, त्या या हिशेबातून उभ्या राहिल्या. तुमच्या गावात कोणी 'जिनाचा वाडा' म्हटलं की समजावं, तिथे कधीतरी गाठी मोजल्या गेल्या आहेत.

अचलपूरच्या बाजूला कापसाबरोबर मेळघाटचं सागवान होतं. परतवाड्याचा लाकूडबाजार आजही मोठा आहे. अंजनगावचे पानमळे होते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पानांच्या टोपल्या गाडीत चढताना मी स्वतः पाहिल्या आहेत. गिरणी सुरू झाल्यावर तिला या गाडीचा उपयोग झालाच. कामगारही येत-जात. १९७४ मध्ये आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा विदर्भ मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. पुढे अचलपूरला फिनले मिल उभी राहिली, ती २०२० च्या टाळेबंदीत थांबली. गाव गिरणीचं म्हणून ओळखलं गेलं, पण रुळांचा जन्म गाठींच्या पोटी झाला, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं.

आता मालकीचं. या मार्गाची कंपनी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे, स्थापना १९१०. रूळ वऱ्हाडचे आणि नाव मध्यप्रांताचं का, असं मला एकदा कारंज्याच्या एका आजोबांनी विचारलं होतं. वऱ्हाड निजामाचं; १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतं, आणि १९०३ मध्ये ते कायमच्या पट्ट्यानं मध्यप्रांताला जोडलं गेलं. कंपनी त्यानंतर सात वर्षांनी निघाली, म्हणून तिला प्रांताचं नाव मिळालं. कारभार पाहायची किलिक निक्सन ही मुंबईची व्यापारी पेढी. १८५७ पासूनची ही पेढी, तापी व्हॅली रेल्वेचा कारभारही तिच्याचकडे होता. याच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस कंपनीचा पुलगाव-आर्वी फाटा १९१७ चा. दारव्ह्याहून पुसदलाही १९३१ मध्ये रूळ गेले होते, पण तो फाटा फार टिकला नाही, रूळ उचलले गेले. तुमच्या विद्यार्थ्यांना हे जरूर सांगा; दारव्हा एके काळी जंक्शन होतं.

कंपनीनं रूळ घातले, पण गाडी चालवायची जीआयपी. उत्पन्नातला ठरलेला वाटा कंपनीला. अशा शाखा मार्गांसाठी तेव्हा हीच रीत होती. ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी आणि इतर रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली, पण सरकारनं त्या वेळी हातात घेतल्या त्या प्रामुख्यानं सरकारी आणि संस्थानी रेल्वे. छोट्या खाजगी कंपन्यांचे शाखा मार्ग विकत घ्यायचे तर किंमत मोजावी लागणार होती. बार्शी लाईट रेल्वे १९५४ मध्ये विकत घेतली गेली. आपली राहिली, आणि जुना करार पुढे पुढे वाढत गेला. तेव्हा मालकी खाजगी कंपनीची राहिली, हे खरं. पण मला आणि माझ्या गँगमनना पगार भारतीय रेल्वेचा होता, इंजिनं आणि डबे तिनेच चालवले, तिकिटाचे पैसे तिच्याच तिजोरीत जात.

मालकीनं नुकसान केलं ते वेगळ्या ठिकाणी. रूळ कंपनीचे आणि चालवणारे आपण, त्यामुळे जुने रूळ काढून नवे टाकायचे, पुलाचा गर्डर बदलायचा, अशा मोठ्या भांडवली कामात पैसा घालायला दोघांपैकी कोणालाच कारण नव्हतं. कंपनीला त्यातून जास्त मिळणार नव्हतं, आणि रेल्वेनं दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च का करावा? डागडुजी होत राहिली. नवं काही झालं नाही. इंग्रजांना दोष देऊन हे समजत नाही. दोन घरांच्या सामाईक भिंतीसारखं ते होतं, पडते आहे हे दोघांनाही दिसतं आणि चुना कोणी लावत नाही.

तरीही गाडी त्यानं मेली नाही. ती मेली मूर्तिजापूरच्या फलाटावर.

हे नीट सांगतो, कारण याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आपले रूळ दोन फूट सहा इंचाचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या मार्गाचे १६७६. अरुंद गेज निवडली कारण ती स्वस्त. जमीन कमी लागते, भराव कमी, रूळ हलके, पूल लहान, आणि लिंगा-लासिनाकडचा चढ वळणं घेत चढता येतो. जिथे उत्पन्न फक्त कापसाच्या हंगामाचं, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंतचं, तिथे कंपनीनं स्वस्त मार्ग बांधला यात मला चूक दिसत नाही. पण यवतमाळला भरलेली वॅगन मुंबईला जाऊ शकत नव्हती. मूर्तिजापूरला ती रिकामी करायची आणि एकेक गाठ हमालांनी हुकानं ओढून मोठ्या वॅगनमध्ये चढवायची. पावणेदोनशे किलोची गाठ. हुकानं गोणपाट फाटायचं, रुई बाहेर यायची, पावसात एखादी गाठ भिजली की व्यापाऱ्याचा दावा यायचा. मोठी वॅगन वेळेवर न आल्यास छोट्या गाडीचा माल शेडमध्ये पडून, आणि तोवर छोट्या वॅगनही अडकून.

बैलगाडीशी तुलना होती तोवर हा त्रास चालून गेला. बैलगाडीतही माल स्टेशनवर उतरवायचाच होता. मग डांबरी रस्ते झाले, ट्रक आले. ट्रक जिनाच्या दारात लागतो आणि थेट गिरणीच्या दारात उतरतो. मध्ये कोणाचा हुक लागत नाही. ज्या दिवशी यवतमाळच्या व्यापाऱ्यानं हे पहिल्यांदा करून पाहिलं, त्याच दिवशी आपली मालगाडी हरली होती. पुढे १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांवरून कापूस हलवण्याची सवय ट्रकचीच होत गेली. मालाविना शाखा मार्ग जगत नाही. प्रवाशांच्या तिकिटावर रूळ सांभाळणं जगात कुठेही कठीण, आणि आमचे प्रवासी गरिबातले गरीब.

आता रुळांविषयी बोलतो, ते माझं काम होतं.

वऱ्हाडची काळी माती कापसाला आई, पण रुळाला वैरीण. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. मृगाचा पाऊस पडला की ती फुगते, मऊ होते, खडी तिच्या पोटात जाते आणि एक रूळ खाली बसतो. ब्रॉडगेजवर एक रूळ २० मिलिमीटर बसला तर गाडी जितकी कलते, तितकी आमच्याकडे जवळपास ९ मिलिमीटरलाच कलायची, कारण दोन रुळांमधलं अंतर निम्म्याहून कमी. त्यामुळे आमच्या चाबीवाल्याची, म्हणजे रोज रूळ तपासत चालणाऱ्या कामगाराची, नजर मोठ्या मार्गावरच्यापेक्षा तीक्ष्ण असावी लागे. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन तो पहाटे निघायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या सैल चाब्या ठोकत आपली हद्द संपवायचा. माझ्या वेळचा एक चाबीवाला रुळावर हातोडा मारून आवाजावरून सांगायचा, "साहेब, इथं बसली पोकळी." खोदलं की खरंच स्लीपरखाली हात जाईल एवढी जागा निघायची. मी अभियांत्रिकी शिकून आलो होतो. रूळ ऐकायला मी त्याच्याकडून शिकलो.

मंजूर खडी पुरेशी नसली की आम्ही भराव मुरमानं सावरायचो. जिथे सावरणं शक्य नव्हतं तिथे कॉशन लावायचो, म्हणजे ड्रायव्हरला लेखी हुकूम, इथून तिथपर्यंत गाडी हळू. एक कॉशन उठायच्या आधी दुसरं लागायचं. शेवटी सगळ्या मार्गाचाच वेग ताशी २० किलोमीटरवर आला. त्याबद्दल लोक हसायचे, उतरून लघवीला जाऊन परत गाडी पकडता येते म्हणायचे. मला ते हसणं लागायचं. तो वेग ड्रायव्हरचा आळस नव्हता. कच्च्या भरावावरून शेकडो माणसं सुखरूप नेण्याची ती किंमत होती. पण वेग कमी झाला की वेळ वाढतो, वेळ वाढला की ज्याला परवडतं तो एसटीनं जातो, तिकीट कमी फाटतात, आणि मग पुढच्या वर्षी खडी मागायला गेलं की उत्पन्न दाखवलं जातं.

वाफेचं इंजिन झेडडी जातीचं. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं, १९२३ पासून इथे धावलेलं, आणि १५ एप्रिल १९९४ ला थांबलेलं. सत्तरहून अधिक वर्षं एका यंत्रानं वऱ्हाडच्या उन्हात काम केलं. ज्या फिटर लोकांनी त्याचे सुटे भाग शेडमध्येच घडवून ते चालतं ठेवलं, त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. त्यानंतर डिझेल आलं. चढावर ते बरं चालायचं, पण खालचा रूळ तोच होता.

माणसं कमी होत गेली तशी गाडीतल्या माणसांवरच सगळं आलं. मधल्या स्टेशनांवर मास्तर उरले नाहीत, तेव्हा गार्डच तिकिटं द्यायचा. फाटकावर गेटमन नसे. गाडी अलीकडे थांबायची, एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पार झाली की उघडून पुन्हा चढायचा. एका फाट्यावर एका वेळी एकच गाडी, त्यामुळे समोरासमोर येण्याची भीती नव्हती. 'शकुंतला' हे नाव लोकांनी लाडानं दिलेलं. आमच्या कागदांत ती नुसती पॅसेंजर.

बसायची कोण? शाळेची पोरं, सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या बाया, दूध-भाजीवाले, कारंज्याला नृसिंह सरस्वतींच्या दर्शनाला निघालेली कुटुंबं, मूर्तिजापूरला उतरून गाडगेबाबांच्या धर्मशाळेत मुक्काम करणारे. लाडखेडच्या एका बाईला मी विचारलं होतं, एसटी लवकर जाते तर यात का बसता? ती म्हणाली, "एसटीच्या तिकिटात माह्या घरचं आठ दिवसाचं तेल येते, भाऊ. दिवस गेला तं गेला." गाडी बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांत वारसा, इतिहास असं बरंच आलं. या बाईचं तेल कुठल्या बातमीत आलं नाही.

२०१६ च्या सुमारास यवतमाळची गाडी थांबली. अचलपूरची त्यानंतर काही वर्षं रखडत चालली आणि तीही थांबली. ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली होती, म्हणून लोकांनी वाट पाहिली.

आता बार्शीशी तुलना. तीही अडीच फुटी, १८९७ मध्ये सुरू झालेली, तीही छोट्या कंपनीची. मग ती ब्रॉडगेज कशी झाली? नकाशा उघडा. बार्शीची लाईन मिरजेपासून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला जाते. मधोमध मुंबई-चेन्नईचा मार्ग तिला कापतो, एका टोकाला मिरज जंक्शन आहे, दुसऱ्या टोकाहून मराठवाड्यात पुढे जाता येतं. म्हणजे रुंदीकरण केलं की आरपार मार्ग तयार होतो. साखर, कोळसा, लांबच्या एक्सप्रेस, सगळं त्यावरून जाऊ शकतं. आपले दोन्ही फाटे मात्र पिशवीसारखे. आत शिरायचं आणि आल्या वाटेनं परत यायचं. यवतमाळच्या पुढे काही नाही, अचलपूरच्या पुढे सातपुडा आणि मेळघाट. अशा आंधळ्या टोकाच्या मार्गावर रुंदीकरणाचा खर्च मांडला की परतावा कागदावर उतरत नाही. माझ्या मते गाडी परत न येण्याचं मुख्य कारण हे आहे, मालकी नाही.

आणि म्हणूनच तुमच्या गावासाठी आता परिस्थिती बदलली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग होतो आहे. त्यातला वर्धा ते कळंब भाग २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. हा मार्ग यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, पुसद असा पुढे जाणार आहे, म्हणजे पुसदचा तो उचललेला फाटा जवळपास शंभर वर्षांनी वेगळ्या रूपात परत येतो आहे. तो दारव्ह्याला पोहोचला की दारव्हा-कारंजा-मूर्तिजापूर हा तुकडा आंधळा राहत नाही. तो मुंबई-हावडा मार्ग आणि नांदेडचा मार्ग यांना जोडणारा दुवा होतो. अकोल्याच्या बाजूनं नांदेडला जाणाऱ्या मालाला दुसरी वाट मिळते. तेव्हा मागणी करताना 'शकुंतला परत द्या' एवढंच म्हणू नका. दारव्हा ते मूर्तिजापूर जोडणी मागा, आणि यवतमाळ ते दारव्हा नवा मार्ग होतोच आहे हे निवेदनात पहिल्या ओळीत लिहा.

अचलपूरकडेही तसाच विचार करता येतो. अमरावती-नरखेड ब्रॉडगेज चांदूरबाजारवरून जाते, आणि चांदूरबाजार अचलपूरच्या शेजारचा तालुका. पश्चिमेला अकोला-अकोट ब्रॉडगेज २०२२ पासून सुरू आहे. अंजनगावपासून अकोट फार लांब नाही. अकोटच्या पुढचा खंडव्याचा मार्ग मेळघाटच्या वाघांमुळे वळवावा लागतो आहे, त्यात वेळ जाईल. पण अचलपूर-चांदूरबाजार जोडलं तर संत्री, लाकूड आणि माणसं थेट नरखेडमार्गे उत्तरेला जातात, मधे जंगलही नाही.

तुम्ही विद्यार्थ्यांना घेऊन मार्ग पाहायला जाणार असाल तर लाखपुरीजवळच्या पूर्णेच्या पुलापासून सुरुवात करा, आणि पावसाळ्यानंतर, नवरात्राच्या आसपास जा. पुलाच्या दोन्ही अंगांना भराव किती बसला आहे ते तेव्हा स्पष्ट दिसतं. नंतर मूर्तिजापूरला या. स्टेशनच्या पादचारी पुलावर चढून खाली पाहिलं की एका बाजूला मोठे रूळ, दुसऱ्या बाजूला छोटे, आणि मधे माल बदलण्याची जागा. मुलांना ती जागा पावलांनी मोजायला सांगा. सबंध लाईनचा प्रश्न तेवढ्या अंतराचा होता.